अवतरणचिन्हांतला अल्बर्ट हॉल

१९९८च्या ऑक्टोबरमध्ये बॉब डिलनच्या एका जुन्या मैफलीचा दोन सीडींचा संच अधिकृतपणे बाजारात आला. नावात ‘रॉयल अल्बर्ट हॉल’ असे शब्द होते आणि त्यांच्याभोवती अवतरणचिन्हं. ती शोभेसाठी नव्हती. आतली मैफल लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधली नव्हतीच. ती झाली होती मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये, १७ मे १९६६ रोजी. कंपनीला हे नीट माहीत होतं. पण आधीची पाव शतकाहून जास्त वर्षं हेच ध्वनिमुद्रण चोरट्या तबकड्यांवर ‘अल्बर्ट हॉल’ म्हणून जगभर फिरलं होतं, आणि ते नाव इतकं रुळलं होतं की अधिकृत प्रकाशनालाही ते टाकवेना. मग चूक ठेवली, फक्त अवतरणात ठेवली.

मंडळी, एरवी या ब्लॉगवर मी माझ्या पीएचडीच्या विषयाबद्दल लिहिते. माझं रोजचं काम जिवाणूंच्या डीएनएची तुलना करून त्यांचा वंशवृक्ष काढण्याचं. त्यामागची कल्पना साधी आहे: प्रतीवरून प्रत निघताना चुका होतात, एका प्रतीत झालेली चूक तिच्या सगळ्या वंशजांमध्ये उतरते, आणि त्या चुकांवरूनच कोण कोणापासून आलं ते कळतं. डिलनच्या चाहत्यांचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा पानोपानी हाच प्रकार दिसायला लागला. म्हणून आज जिवाणूंना सुट्टी.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. आज ज्याला आपण ‘डिलनचं काम’ म्हणतो, त्याची यादी एकट्या डिलनने किंवा त्याच्या कंपनीने ठरवलेली नाही. ऐकणाऱ्यांनी ती हट्टाने वाढवत नेली. पण नुसत्या प्रेमाने टेपचा ढीग जमतो. त्या ढिगाचा इतिहास झाला तो चाहते टेपवर लिहिलेल्या नावावरच शंका घ्यायला लागले तेव्हा. आणि या सगळ्याची किंमत एका माणसाने मोजली, ज्याला कुणी विचारलंच नव्हतं.

एक गायक, दोन प्रकारचे श्रोते

ज्यांना डिलन फक्त नोबेलच्या बातमीपुरता ठाऊक आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. रॉबर्ट झिमरमन हे त्याचं मूळ नाव. जन्म २४ मे १९४१, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ड्युलुथला; बालपण हिबिंग या लोखंडाच्या खाणींच्या गावात. जानेवारी १९६१मध्ये तो न्यूयॉर्कला आला. तिथे आजारी असलेल्या वुडी गथ्रीला, म्हणजे आपल्या दैवताला, भेटायचं हे एक मोठं कारण होतं. मार्च १९६२मध्ये पहिली तबकडी आली. पुढच्या दोन वर्षांत नागरी हक्कांच्या आणि युद्धविरोधी चळवळीत त्याची गाणी सगळीकडे गायली जाऊ लागली. हातात साधी गिटार, गळ्यात अडकवलेला माउथ ऑर्गन, आणि शब्द. लोकसंगीतवाल्यांना वाटलं, हा आपला माणूस.

२५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो इलेक्ट्रिक गिटार घेऊन, मागे बँड उभा करून गायला. जमावातून आरडाओरड झाली. ती नेमकी कशासाठी, यावर आजही वाद आहे: विजेच्या वाद्यांसाठी, खराब आवाजासाठी, की फार थोडीच गाणी म्हटली म्हणून? पण त्या दिवसापासून श्रोत्यांची दोन घरं झाली, हे नक्की.

१९६६च्या दौऱ्यात त्याने हे दोन तुकडे एकाच संध्याकाळी मांडले. पूर्वार्धात एकटा डिलन, साधी गिटार. उत्तरार्धात द हॉक्स हा बँड (पुढे हाच ‘द बँड’ म्हणून गाजला) आणि कानठळ्या बसवणारा आवाज. मँचेस्टरला उत्तरार्धाच्या शेवटाकडे प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, ‘ज्यूडास!’ येशूला चांदीच्या तीस नाण्यांसाठी विकणारा तो ज्यूडास. डिलनने माइकवरून त्याला खोटारडा म्हटलं, बँडला आणखी जोरात वाजवायला सांगितलं, आणि शेवटचं गाणं सुरू झालं. एवढा प्रसंग. काही सेकंदांचा. पण तो टेपवर होता.

त्या वर्षीच्या जुलैअखेर वुडस्टॉकजवळ डिलनच्या मोटारसायकलला अपघात झाला आणि पुढची साडेसात वर्षं त्याने दौराच केला नाही. गायक समोर नाही, नवी मैफल नाही. चाहत्यांना हवं असलेलं सगळं आता फक्त कुणाच्या तरी कपाटातल्या टेपवर होतं. पुढची सगळी गोष्ट इथून सुरू होते.

पांढऱ्या पाकिटातली तबकडी

१९६७मध्ये डिलन आणि बँडवाले वुडस्टॉकच्या परिसरात एकत्र बसून गाणी म्हणत होते. त्यातली बरीचशी वेस्ट सॉगर्टीज इथल्या एका गुलाबी घराच्या तळघरात. बँडमधला गार्थ हडसन ध्वनिमुद्रणाचं यंत्र सांभाळायचा. ही गाणी तबकडीसाठी नव्हती. त्यातली चौदा गाणी प्रकाशकाने इतर गायकांना ऐकवण्यासाठी म्हणून बाहेर काढली, आणि खरोखरच इतरांनी ती गाऊन गाजवली. मॅनफ्रेड मॅन या ब्रिटिश गटाने गायलेलं त्यातलं एक गाणं १९६८च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं.

म्हणजे परिस्थिती अशी: गाणं डिलनचं, सगळ्यांना पाठ, पण डिलनच्या आवाजात ऐकायची सोय नाही. जून १९६८मध्ये ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने, ही तळघरातली टेप प्रकाशित व्हायलाच हवी, असं उघडपणे लिहिलं. कंपनी हलली नाही.

१९६९च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या दुकानांत दोन तबकड्यांचा एक संच दिसायला लागला. पांढरं कोरं पाकीट, कंपनीचं नाव नाही, गाण्यांची यादी नाही. लोकांनी त्याला ‘ग्रेट व्हाइट वंडर’ म्हटलं. रॉक संगीताच्या इतिहासातली ही पहिली गाजलेली चोरटी तबकडी, म्हणजे बूटलेग. आत सगळी खिचडी होती: तळघरातली काही गाणी, स्टुडिओत गाऊन गाळलेली काही, टीव्हीवरच्या कार्यक्रमातलं एक, आणि डिसेंबर १९६१मध्ये मिनियापोलिसला मित्रमंडळींत बसून गायलेली काही. या शेवटच्या टेपला चाहते ‘मिनेसोटा हॉटेल टेप’ म्हणतात. ते हॉटेल वगैरे काही नव्हतं, एका मैत्रिणीचं राहतं घर होतं. मित्रमंडळी गमतीने त्या घराला हॉटेल म्हणायची. गंमत विसरली गेली, हॉटेल मात्र नावात राहिलं. टेपबरोबर चुकीचं नाव फिरायला सुरुवात झाली ती अशी पहिल्याच तबकडीपासून.

हे सरळसरळ बेकायदेशीर होतं का? गाण्याच्या शब्दांवर आणि चालीवर हक्क होताच. पण अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने खुद्द ध्वनिमुद्रणाला संरक्षण दिलं ते १५ फेब्रुवारी १९७२पासून. त्याआधी राज्याराज्यांचे वेगवेगळे नियम होते. चोरट्या तबकड्यांचा धंदा या फटीत वाढला. ते काढणारे काही संत नव्हते. पैसे मिळत होते आणि डिलनला त्यातला एक छदामही जात नव्हता. पण घेणाऱ्याच्या दृष्टीने पाहिलं तर त्याला दुसरीकडे कुठे मिळणारच नव्हतं ते.

प्रतीची प्रत

सत्तरच्या दशकात कॅसेट घरोघरी पोहोचली आणि तबकडी काढणाऱ्यांची गरज कमी झाली. चाहते एकमेकांना टपालाने टेप पाठवू लागले. पद्धत अशी की माझ्याकडची एक घे, तुझ्याकडची एक दे. बऱ्याच मंडळींत विकणं कमीपणाचं मानलं जायचं.

इथे थोडं विज्ञान. प्रत्येक टेपला स्वतःची अशी खरखर असते. समजा मूळ टेपच्या खरखरीची शक्ती १ आहे. तशाच दर्जाच्या टेपवर तिची प्रत काढली, तर मूळची खरखर उतरते आणि नव्या टेपची तिच्यात मिळते: २ झाली, म्हणजे ३ डेसिबलची वाढ. त्या प्रतीची प्रत काढली की ३. चौथ्या पिढीत मूळच्या पाचपट, म्हणजे सुमारे ७ डेसिबल. गाणं तेवढंच राहतं, धुकं वाढत जातं. म्हणून टेप देणाऱ्याला पहिला प्रश्न ठरलेला: कितव्या पिढीची?

दुसरा घोळ वेगाचा. एका यंत्रावर मुद्रित केलेली टेप दुसऱ्या, जरा जलद चालणाऱ्या यंत्रावर वाजवली की सूर चढतो. पाश्चात्त्य संगीतात शेजारच्या दोन स्वरांमध्ये सुमारे ६ टक्क्यांचं अंतर असतं. त्यामुळे ३ टक्के वेग वाढला की गाणं अर्ध्या पायरीने वर जातं, आणि गाणाराही थोडा तरुण वाटायला लागतो. प्रत काढताना असा वेग बिघडला की तो बिघाड पुढच्या सगळ्या प्रतींत जातो. तसंच एखाद्या गाण्याची सुरुवात कापली गेली, टेप उलटताना मधलं कडवं गेलं, किंवा एका जागी खट्ट आवाज आला, की ती खूण वंशात कायम.

आता हे वाचताना मला माझे जिवाणू का आठवले, ते कळलं असेल. दोन टेपांमध्ये एकाच सेकंदाला तोच खट्ट आवाज असेल तर दोघींचा पूर्वज एक. एकीत तो आहे आणि दुसरीत नाही, तर दुसरी मुळाच्या जवळची असू शकते. जुन्या हस्तलिखितांचे अभ्यासक पाठभेदांवरून पोथ्यांचा वंशवृक्ष काढतात तो याच तर्काने. चाहत्यांनी ही पद्धत कुठल्या पुस्तकातून घेतली नव्हती; चांगली प्रत मिळवण्याच्या हव्यासातून ती त्यांच्या हाती आली.

आणि हे सगळं डिलनच्याच बाबतीत इतकं का? कारण त्याचं गाणं एकदा मुद्रित झालं म्हणून संपत नाही. तो शब्द बदलतो, चाल बदलतो, कधी सगळा भावच बदलतो. जून १९८८मध्ये सुरू झालेल्या ज्या दौऱ्याला लोक ‘न संपणारा दौरा’ म्हणतात, त्यात २०१९पर्यंत तीन हजारांहून जास्त मैफली झाल्या. तबकडीवरचं गाणं हा त्यातला फक्त एक पाठ. बाकीचे पाठ प्रेक्षकांत कोट घालून, आत यंत्र लपवून बसलेल्या माणसांमुळे उरले.

मँचेस्टर की लंडन?

परत अवतरणचिन्हांकडे. १९६६च्या त्या मैफलीचा उत्तरार्ध सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तबकडीवर फिरू लागला आणि त्यावर नाव आलं रॉयल अल्बर्ट हॉलचं. चूक समजण्यासारखी आहे. डिलन त्या महिन्यात अल्बर्ट हॉलमध्ये खरोखरच गायला होता, २६ आणि २७ मेला. दौऱ्यातल्या काही मैफली कंपनीने मुद्रित केल्या होत्या, त्यांत लंडनच्याही होत्या आणि मँचेस्टरचीही. शिवाय लंडनचं मोठं सभागृह म्हटलं की तबकडीला वजनही येतं.

मग खरं काय ते ठरवायचं कसं? गाण्यांच्या यादीचा उपयोग नाही, कारण त्या दौऱ्यात यादी रोज जवळजवळ सारखीच होती: पूर्वार्धात सात, उत्तरार्धात आठ. म्हणजे सगळ्या नमुन्यांत जो भाग एकसारखा आहे, तो वंश ओळखायला निरुपयोगी. हे आम्हाला प्रयोगशाळेत पहिल्याच वर्षी शिकवतात. वेगळेपण शोधावं लागतं ते गाण्यांच्या मधल्या जागेत: डिलन काय पुटपुटला, प्रेक्षकांतून काय आलं, टाळ्या कधी मंद झाल्या. शिवाय त्या संध्याकाळी हजर असलेल्यांच्या आठवणी, आणि दुसऱ्या रात्रींच्या टेप शेजारी ठेवून केलेली तुलना. मँचेस्टरचे लेखक आणि संगीतकार सी. पी. ली स्वतः त्या रात्री सभागृहात होते. त्यांनी या एका मैफलीवर अख्खं पुस्तक लिहिलं. ते १९९८मध्येच आलं.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जागेची आणि तारखेची चूक सुटली, कारण त्यासाठी एकापेक्षा जास्त प्रकारचा पुरावा होता. पण ‘ज्यूडास’ कोण ओरडलं? पुढे दोन वेगवेगळ्या माणसांनी तो आवाज आपला असल्याचं सांगितलं, आणि चाहत्यांमध्ये दोघांच्याही बाजूने बोलणारे आहेत. टेपवर आवाज आहे, चेहरा नाही. आठवण प्रामाणिक असली तरी ती तीस वर्षांची झालेली असते. दरम्यान त्या माणसाने ती तबकडी किती वेळा ऐकली असेल, कोण जाणे. ही गाठ सुटलेली नाही, आणि पुराव्याच्या पुढे जाऊन ती सोडवायचा मोह टाळणं हाही इतिहासच.

चाहत्यांचं नियतकालिक

१९७२मध्ये मायकेल ग्रे यांचं ‘साँग अँड डान्स मॅन’ आलं. डिलनच्या गाण्यांकडे साहित्य म्हणून गंभीरपणे पाहणारं हे सुरुवातीचं पुस्तक. २०००मधली त्याची तिसरी आवृत्ती नऊशे पानांच्या पुढे गेली, यावरून विषय कसा वाढला ते दिसतं. पण रोजचं कष्टाचं काम होत होतं ते चाहत्यांच्या नियतकालिकांत.

त्यातलं सगळ्यात नाव झालेलं म्हणजे इंग्लंडमधलं ‘द टेलिग्राफ’. जॉन बॉल्डी यांनी ते १९८१मध्ये सुरू केलं. टेपांच्या याद्या, तारखांची पडताळणी, शब्दांचे पाठभेद, जुन्या सहकाऱ्यांच्या मुलाखती असं सगळं त्यात असायचं. याच सुमारास डेन्मार्कच्या मायकेल क्रोग्सगार्ड यांनी ध्वनिमुद्रणांची सविस्तर सूची छापली. पुढे नव्वदच्या दशकात कंपनीने त्यांना स्टुडिओची मूळ कागदपत्रं पाहू दिली. हा बदल छोटा नाही. चाहत्यांनी बाहेरून, कानांनी ऐकून केलेल्या याद्या आता आतल्या कागदांशी ताडून पाहता येणार होत्या.

१९९१ साली कंपनीने स्वतःच ‘बूटलेग सिरीज’ नावाने न प्रकाशित झालेल्या गाण्यांचा पहिला संच काढला. चोरट्यांचाच शब्द नावात घेतला. आणि सोबतच्या पुस्तिकेत लिहायला कुणाला बोलावलं? जॉन बॉल्डींना. दहा वर्षं चाहत्यांसाठी अंक काढणारा माणूस आता अधिकृत टिपा लिहीत होता. १९९६च्या ऑक्टोबरमध्ये बोल्टनचा फुटबॉल सामना पाहून परतताना हेलिकॉप्टर कोसळून ते गेले. ‘अल्बर्ट हॉल’ची अवतरणचिन्हं पाहायला ते राहिले नाहीत.

त्या पहिल्या संचात एक गाणं होतं: ‘ब्लाइंड विली मॅकटेल’. डिलनने ते १९८३मध्ये ‘इन्फिडेल्स’ या तबकडीसाठी गायलं आणि मग गाळलं. चाहत्यांकडे त्याची टेप होती, आणि हे त्याच्या उत्तम गाण्यांपैकी एक आहे असं ते वर्षानुवर्षं सांगत होते. १९९१मध्ये जगाने ऐकलं आणि मान डोलावली. १९९७पासून डिलन स्वतः ते मैफलीत गाऊ लागला. गायकाने टाकून दिलेलं गाणं ऐकणाऱ्यांनी उचलून त्याच्या हातात परत दिलं, असं म्हटलं तर फार वावगं होणार नाही.

‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’ची गोष्टही तशीच. सप्टेंबर १९७४मध्ये न्यूयॉर्कला सगळी गाणी झाली, चाचणीच्या तबकड्याही निघाल्या. डिसेंबरमध्ये डिलनने मिनियापोलिसला दहापैकी पाच गाणी पुन्हा गायली आणि जानेवारी १९७५मध्ये ती मिसळण तबकडी म्हणून बाहेर आली. पण चाचणीच्या काही तबकड्या लोकांच्या हाती लागल्या होत्या. मग न्यूयॉर्कचा पाठ चांगला की मिनियापोलिसचा, यावर चाहत्यांनी चाळीसेक वर्षं हिरिरीने वाद घातला. २०१८मध्ये न्यूयॉर्कची ध्वनिमुद्रणं अधिकृतपणे आली तेव्हा बऱ्याच जणांना ती आधीच तोंडपाठ होती.

कचऱ्याचा डबा

आता दुसरी बाजू. १९७०च्या आसपास ए. जे. वेबरमन नावाचा गृहस्थ न्यूयॉर्कच्या मॅकडूगल स्ट्रीटवर डिलनच्या घराबाहेरचा कचरा उपसायचा. फाटकी पत्रं, बिलं, जे मिळेल ते. त्यावरून तो डिलनच्या मनाचे आणि गाण्यांचे अर्थ लावायचा. त्याने डिलनच्या दाराशी लोक जमवून निदर्शनंही केली. ‘डिलनॉलॉजी’ हा शब्द रूढ केला तो त्यानेच. गंमत अशी की गाण्यांतल्या शब्दांची संगणकावर सूची करण्याच्या पहिल्या खटपटींपैकी एक त्याचीच. म्हणजे पद्धत घेऊन बसलेला, पण मर्यादा सुटलेला. त्या घरात लहान मुलं राहत होती.

वेबरमन हा अपवाद होता, असं म्हणून पुढे जाता येईल. पण प्रश्न तिथे संपत नाही. १९८५मधल्या ‘बायोग्राफ’ या संचाच्या पुस्तिकेत डिलनने चोरट्या ध्वनिमुद्रणांबद्दल जे म्हटलं त्याचा आशय असा, की आपण एकटे बसून काहीतरी गुणगुणतोय असं वाटत असतं, आणि मग कळतं की कुणीतरी कान लावून बसलं होतं. मला हा आक्षेप खरा वाटतो. अर्धवट विचार अर्धवट ठेवण्याचा हक्क माणसाला हवा. माझ्या प्रयोगवहीची पानं उद्या कुणी चव्हाट्यावर मांडली तर मला ते चालणार नाही.

तरी मैफलीची टेप आणि घरातला कचरा यांत मी फरक करते. मैफल हजार माणसांसमोर झालेली असते, ती त्यांचीही आठवण असते. स्टुडिओत गाळलेलं गाणं या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी पडतं, आणि तिथे मला अजून ठामपणे बोलता येत नाही. ‘ब्लाइंड विली मॅकटेल’ ऐकताना मी त्या चोरांची ऋणी असते, हेही लपवत नाही.

प्रेम आणि चोरी

२००१मध्ये डिलनची जी तबकडी आली तिचं नाव होतं “लव्ह अँड थेफ्ट”, म्हणजे प्रेम आणि चोरी. आणि हे नावही अवतरणचिन्हांत! एरिक लॉट या अभ्यासकाच्या १९९३मधल्या पुस्तकाचं हेच नाव आहे, त्यामुळे चिन्हं तिकडे बोट दाखवतात असं सहसा मानलं जातं. २००३मध्ये जपानमध्ये राहणाऱ्या एका अमेरिकन चाहत्याच्या लक्षात आलं, की या गाण्यांतल्या काही ओळी जुनिची सागा यांच्या ‘कन्फेशन्स ऑफ अ याकुझा’ या पुस्तकातल्या वाक्यांशी फारच जुळतात. २००६च्या ‘मॉडर्न टाइम्स’मध्ये हेन्री टिमरॉड या एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन कवीच्या ओळींचे पडसाद सापडले. ते शोधले न्यू मेक्सिकोतल्या स्कॉट वॉर्मथ या आकाशवाणीवाल्याने. त्याच तबकडीत न्यूझीलंडचे कवी क्लिफ फेल यांना रोमन कवी ऑव्हिड दिसला.

हे शोध विरोधकांनी लावलेले नाहीत, मन लावून ऐकणाऱ्यांनी लावले. ते जाहीर झाल्यावर चाहत्यांतच भांडणं झाली. काहींना ती उचलेगिरी वाटली. काहींनी सांगितलं की लोकसंगीत असंच चालतं: जुनी चाल घ्यायची, जुनी ओळ घ्यायची, आपलं काहीतरी त्यात घालायचं. हार्वर्डचे लॅटिनचे प्राध्यापक रिचर्ड थॉमस यांचं मत दुसऱ्या बाजूचं. रोमन कवीही पूर्वसूरींच्या ओळी अशाच घेत, असं ते दाखवतात. तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, ज्याची गाणी चोरून फिरली तो गायक स्वतःही दुसऱ्यांच्या ओळी उचलत होता, हे विसरून या इतिहासाचा हिशोब लागत नाही.

कायदा, टल्सा आणि आपली कपाटं

२०११मध्ये युरोपीय संघाने ध्वनिमुद्रणांवरचा हक्क ५० वर्षांवरून ७० वर्षांवर नेला. पण अट अशी, की पहिल्या ५० वर्षांत ते प्रकाशित झालेलं असलं पाहिजे. नाहीतर हक्क जातो. झालं, डिसेंबर २०१२मध्ये १९६२ सालच्या डिलनच्या अप्रकाशित ध्वनिमुद्रणांचा एक संच युरोपात गुपचूप निघाला. प्रती सुमारे शंभर. उपनावातच लिहिलं होतं की हा हक्क वाढवण्यासाठीचा संग्रह आहे! लोकांनी ऐकावं हा हेतू त्यात जवळपास नव्हताच. ज्यांना हवं होतं त्यांनी अर्थातच लगेच मिळवलं.

नोव्हेंबर २०१६मध्ये १९६६च्या दौऱ्याची सगळी ज्ञात ध्वनिमुद्रणं ३६ सीडींमध्ये आली. जिथे कंपनीची टेप नव्हती तिथे प्रेक्षकांतल्या कुणीतरी केलेली टेप वापरली. पन्नास वर्षांपूर्वी जे चोरून केलं ते आता खोक्यात मानाने बसलं. त्याच वेळी २६ मेची लंडनची मैफल स्वतंत्रपणे आली. तिच्या नावात ‘खरी’ रॉयल अल्बर्ट हॉल मैफल असं मुद्दाम लिहावं लागलं. एक चुकीचं लेबल किती लांब पळतं ते पाहा: मूळ जागेला स्वतःचं नाव परत मिळवायला विशेषण लागलं.

त्याच वर्षी मार्चमध्ये डिलनचा सुमारे सहा हजार वस्तूंचा संग्रह ओक्लाहोमातल्या टल्साला जाणार असं जाहीर झालं. वह्या, मसुदे, टेप, सगळं. तिथे वुडी गथ्रीचा संग्रह आधीपासून होता. मे २०२२मध्ये बॉब डिलन सेंटर लोकांसाठी उघडलं. न्यूयॉर्कच्या मिच ब्लँक या चाहत्याने आयुष्यभर जमवलेला संग्रहही आता तिथेच आहे. डिलनने जपलेलं आणि ऐकणाऱ्याने जपलेलं एकाच छताखाली आलं, आणि पुढच्या अभ्यासकाला दोन्ही शेजारी ठेवून पाहता येणार आहे. माझ्या मते या साठ वर्षांच्या खटाटोपाचं हे खरं फलित. नोबेलपेक्षाही.

डिलन मात्र बदललेला नाही. अलीकडच्या दौऱ्यांत प्रेक्षकांचे फोन दारातच कुलूपबंद पाकिटात घातले जातात. तरीही टेप बाहेर येतातच.

जाता जाता एक काम सांगते. आपल्याकडे घराघरांत कॅसेटचे डबे आहेत: आजोबांचं भजन, गावच्या जत्रेतला तमाशा, गणपतीतला कुणाचा तरी कार्यक्रम. त्यावर ‘भजन २’ एवढंच लिहिलेलं असतं. ज्यांना तारीख, जागा, गाणाऱ्यांची नावं सांगता येतील अशी माणसं घरात असतील तर या रविवारी त्यांच्याशेजारी बसा आणि लिहून घ्या. प्रत काढलेली असेल तर कशावरून काढली तेही लिहा. खात्री नसेल तिथे सरळ प्रश्नचिन्ह टाका. ते चुकीच्या नावापेक्षा कितीतरी बरं. आणि गाणारं माणूस हयात असेल तर ती टेप कुणाला ऐकवण्याआधी त्याला एकदा विचारा.